गाणारं खोकं

माझा आवाज या शहरातल्या निम्म्या लोकांच्या ओळखीचा आहे, आणि माझं तोंड मात्र कुणालाच माहीत नाही. बसस्थानकावरच्या काचेच्या एका खोलीत बसून मी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर हरवलंय आणि ते चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं लोकांनी माझ्याच तोंडून ऐकलं. आभार कधी कुणी मानले नाहीत. गाडीला उशीर झाला की शिव्या मात्र मला मिळायच्या, जसं काही मीच तिचं चाक काढून घरी नेलंय.

निवृत्त झाल्यावर मला एक काम चालून आलं. दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी एक संस्था आहे, तिला वाचक हवे होते. घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि पाठवून द्यायचं. त्यांनी मला चाचणीसाठी एक जाडजूड कादंबरी दिली. दीपगृहाचा एक रखवालदार आणि त्याच्या भांडकुदळ बहिणी, अशी गोष्ट. पहिलं प्रकरण पसंत पडलं तर सगळं पुस्तक माझं, असं ठरलं. मी ते आधी मनातल्या मनात वाचून काढलं आणि शेवटाला चांगली हमसून रडले. वेळापत्रक वाचून आजवर कुणी रडलेलं नाही. तेव्हा हे पुस्तक मला वाचायचंच होतं, आणि ते दुसऱ्या कुणी वाचलेलं मला खपणार नव्हतं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे, मी फक्त पुकारणारी.

हे गिटारी बनवायचे आणि व्हायोलिनं दुरुस्त करायचे. गल्लीत सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, अगदी दूधवालासुद्धा. मग एकदा एका संगीतशिक्षकाने नवीकोरी गिटार परत आणली. माणूस सभ्य, आवाज खाली ठेवून बोलला, "उस्ताद, वरच्या पट्टीत ही जरा चिरकतेय. तुम्हाला नाही ऐकू येत?" ह्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाने वरचे सूर गेले, खालचे शाबूत आहेत, औषध नाही. झालं. ह्यांनी दुकान बंद केलं, सगळी हत्यारं घरी आणून काचा लावलेल्या बाल्कनीत ठेवली आणि त्यांच्यावर एक पांढरी चादर पसरली. स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच.

मी समजावलं, भांडले, लाडीगोडी लावली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "कानच गेले, आता कसला उस्ताद," एवढं एकच उत्तर. जेवायला बोलावलं की यायचे आणि ताटावरून उठताना "छान होतं" म्हणायचे. हेच मला सर्वांत जास्त लागायचं. आजवर मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घेणारा हा माणूस आता आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागत होता.

तेवढ्यात लेकीने आणि जावयाने माझ्या रेकॉर्डिंगसाठी एक कॉम्प्युटर पाठवला. आमचे जावईबापू कॉम्प्युटरचं सगळं जाणतात, आतले भाग त्यांनीच हौसेने निवडून जुळवले होते. पार्सल आलं तेव्हा आतलं सगळं धड होतं, पण बाहेरचा पत्र्याचा डबा असा चेपला होता की त्याच्यावर बहुधा कुणीतरी बसूनच प्रवास केला असावा. मी फोन लावला.

"आई, काळजी करू नका," जावई म्हणाले, "नवीन केस मागवतो."

खुर्चीतून आवाज आला, "मागवायचं काय त्यात? खोकं तर आहे. मी करतो."

माझ्या हातून फोन पडायचाच राहिला. मी जावयांना सांगितलं, "काही मागवू नका. काही म्हणजे काही मागवू नका!" आणि फोन ठेवून दिला.

ह्यांनी चादर काढली. कपाटाच्या मागून एक फळी बाहेर आली, जिला आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. लेकीच्या लग्नाच्याही आधीची ती फळी. हलकी, सरळ रेषांची, मधाच्या रंगाची. आयुष्यातली सर्वांत चांगली गिटार करायची म्हणून राखून ठेवलेली. मी म्हटलं, "अहो, ही कशाला? खोक्याला साधं लाकूडही चालेल."

"तिची गिटार काही आता होत नाही," हे म्हणाले. "निदान तुझ्या कामाला तरी येऊ दे."

मला त्या बोलण्याने गलबलून आलं, पण मी तोंड बंद ठेवलं. कारण फळी रंधताना हे गुणगुणत होते. किती तरी महिन्यांनी घरात भुसा पडला होता, आणि तो झाडताना मी मनातल्या मनात नाचत होते.

खोकं झालं ते असं झालं की बघत राहावं. कोपरे गोल, सांधे इतके घट्ट की नख शिरणार नाही, वर हाताने घासून आणलेली झिलई. मागच्या बाजूला पंख्यापुरतं गोल भोक, त्यावर नक्षीची जाळी. मी म्हटलं, "कॉम्प्युटर राहू दे बाहेर, मीच आत जाऊन बसते." हे इतके खूश झाले की त्या दिवशी भाजीत तिखट जास्त आहे म्हणून चांगली कुरकुर केली. मला बरं वाटलं.

मागच्या खोलीत मी माझा संसार मांडला. खिडकीला गादी उभी केली, दारावर रजई टांगली, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड केलं, म्हणजे आवाज घुमत नाही. टेबलावर खोकं, खोक्यावर स्क्रीन, समोर मायक्रोफोन. पहिलं प्रकरण वाचलं आणि पाठवून दिलं.

संस्थेत रेकॉर्डिंग तपासणारी एक मुलगी आहे. तिला मी कानसेनबाई नाव ठेवलंय. खोलीत पाल चुकचुकली तर ती कुठल्या ओळीला चुकचुकली हे ती सांगू शकते. तिचा फोन आला.

"काकू, वाचलंय तुम्ही झकास! बहिणींचं भांडण तर मी दोनदा ऐकलं. पण मागे एक सूर येतोय."

"कसला सूर?"

"शेजारी कुणी तंतुवाद्य वाजवतं का? मोठं, खर्जातलं? एकच सूर धरून ठेवलाय. छान आहे हो, अगदी भरलेला आहे, पण पुस्तकात नको ना. प्लीज पुन्हा करून पाठवाल? महिनाअखेरपर्यंत मी थांबते. त्यानंतर मात्र पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे द्यावं लागेल."

दुसरा वाचक! माझा पारा चढला. माझ्या रखवालदाराला कुणीतरी परका आवाज देणार? मी कंबर कसून त्या सुराच्या मागे लागले. आधी फ्रिज बंद केला. सूर तसाच, दूध तेवढं नासलं. मग छताचा पंखा बंद करून घामाघूम होत वाचलं. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन विनंती केली की तुमचं कपडे धुवायचं मशीन जरा बंद ठेवाल का. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं वाचा, आणि आम्ही काय मळके कपडे घालून फिरायचं?" त्यांचंही बरोबरच होतं. चोर सोडून मी एकेका संन्याशाला फासावर चढवत होते.

शेवटी कंटाळून मी कॉम्प्युटर बंद केला, आणि खोली एकदम शांत झाली. चालू केला, घूंऽऽ. बंद केला, शांत. खोक्याला कान लावला तर आतून तो सूर, गोल, जाड, न थांबणारा. त्याच्यावर बारीक शिट्टीसारखं आणखी काहीतरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आता मला काय करावं कळेना. ह्यांना सांगितलं असतं तर खोक्याचं काहीतरी करता आलं असतं. पण ज्या माणसाने कान गेले म्हणून काम टाकलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगू की तुम्ही केलेली वस्तू आवाज करते आणि त्यातली शिट्टी तुम्हाला ऐकूही येत नाही? ते पुन्हा चादर पसरून खुर्चीत बसले असते, आणि या खेपेला उठले नसते. न सांगावं तर पुस्तक हातचं जाणार. मी पुस्तकावर पाणी सोडायचंही ठरवून पाहिलं. पण भांडकुदळ बहिणी डोक्यातून जाईनात.

मग मी बायकी शहाणपणा केला. हे दाढी करायला बाहेर गेले की मी खोक्यावर जाड घोंगडी गुंडाळायची, चहूबाजूंनी, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी. सूर बराच दबला. मी जोरात वाचायला लागले. रखवालदार जिना चढून वर जातोय, हातात कंदील आहे, वारा सुटलाय, वर दिव्याजवळ कोण उभं आहे तर— आणि स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. रखवालदार बिचारा जिन्यातच अडकला.

तेवढ्यात रजई बाजूला सारून हे आत आले. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणून परतले होते. त्यांनी घोंगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"याला थंडी वाजतेय का?"

त्यांनी घोंगडी उचलून खोक्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "अगं, याला तर ताप भरलाय!"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. म्हटलं, "अहो, पंखा आवाज करतो. रेकॉर्डिंगमध्ये येतो. त्यांनी परत पाठवलं."

हे कॉम्प्युटर पुन्हा चालू करून जरा वेळ खोक्यासमोर वाकून उभे राहिले. "मला तर इतकं काही जाणवत नाही," ते हळूच म्हणाले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. सुराची गोष्ट मी गिळून टाकली. पंखा म्हणजे विकत आणलेली वस्तू, तिला नावं ठेवली तर कुणाचं मन दुखत नाही, असा माझा हिशेब.

जावयांना फोन लागला. लांबून सल्ले देणारा म्हणजे उंटावरचा शहाणा, पण आमचे जावई उंटावरून उतरून बोलतात.

"आई, घोंगडी?" ते आधी पोटभर हसले. "अहो, आतले भाग तापतात, म्हणून तर पंखा आहे. हवा कोंडली की पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, आणि तरी निभावलं नाही की कॉम्प्युटर स्वतःच बंद पडतो. तुम्ही ताप उतरवायला रजई पांघरलीत."

"मग आवाजाचं काय?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, पंखा केवढा आहे?"

"तळहाताएवढा."

"तिथेच गोम आहे. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला खूप जोरात फिरावं लागतं. थाळीएवढा लावला तर तो सावकाश फिरून तेच काम करतो. मी पाठवतो. आणि जाळी पात्यांना फार चिकटून असेल तर शिट्टी वाजते. आणि पंखा लाकडाला थेट स्क्रूने आवळलाय का?"

"मग काय दोरीने बांधायचा?"

"दोरीने नाही, पण मध्ये रबर हवं. पंख्याची थरथर लाकडात उतरू द्यायची नाही."

हे कान देऊन ऐकत होते. सल्ला घ्यायला ते कधी लाजले नाहीत. मोठा पंखा आला, तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून तयार होत्या. भोक मोठं केलं, नक्षीची जाळी काढून पात्यांपासून लांब साधी तार लावली, पंखा रबरावर बसवला. खोक्याखाली भांडी घासायच्या स्पंजचे पाय. मी हेडफोन चढवून ऐकलं. शिट्टी पार गेली होती. घूं मात्र जागच्या जागी.

ह्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं. मी मान हलवली.

"अजून आहे? शिट्टी की घूं?"

"शिट्टी गेली. घूं आहे."

"घूं आहे ना? मग तो मला सापडेल," ते म्हणाले. "खालचं अजून शाबूत आहे."

बाल्कनीतून ते एक काडी घेऊन आले. पेन्सिलीएवढी, गुळगुळीत. ही त्यांच्या गुरूंनी शिकवलेली युक्ती. काडीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं वाद्याला टेकवायचं. कानाला जे चुकतं ते हाडांना कळतं. काडी तोंडात धरून हे खोक्याभोवती ओणवे झाले. मागची फळी, डावी, उजवी. पुन्हा डावी. मग वरची. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून थांबत होते. मग त्यांनी स्क्रीन उतरवली, झाकण उघडलं आणि आत बघत राहिले.

आत, बरोबर मधे, वरच्या फळीला आणि तळाला टेकून एक बारीकशी काडी उभी होती.

"ही इथे कुणी उभी केली?" हे म्हणाले.

"मी तर नाही बाई केली. जावई आले होते का?"

ते हसले नाहीत. सावकाश खाली बसले. "स्क्रीनचं वजन पडून वरची फळी वाकेल म्हणून आधार द्यायला गेलो. आणि हात आपोआप तिथेच गेला बघ. व्हायोलिनच्या पोटात अशीच काडी उभी करतात. ती वरच्या फळीची थरथर खालच्या फळीपर्यंत पोचवते, म्हणून सगळं वाद्य बोलतं. ती काढली की वाद्य मुकं." त्यांनी बाजूच्या फळीवरून बोट फिरवलं. "आणि ह्या फळ्या बघ. खोक्याला एवढ्या पातळ कुणी करतं का? हाताला बरं लागेपर्यंत मी रंधतच राहिलो. सांधेसुद्धा वाद्याचे. आता पंख्याने जरा हुं केलं की हे सगळं मिळून गाणार नाही तर काय करणार?"

मी म्हटलं, "जित्याची खोड."

"मला खोकं करताच येत नाही गं," ते म्हणाले. "करायला गेलो खोकं, आणि झालं हे." आणि त्यांनी दारावरची रजई जरा सारून बाहेर खुर्चीकडे पाहिलं. खिडकीजवळच्या त्या खुर्चीकडे.

ती नजर मी पाहिली. पुस्तक राहिलं बाजूला. आता हा माणूस तिथे जाऊन बसणार आणि मी त्याला बघत राहणार, एवढंच मला दिसलं. आणि त्या भीतीपोटी जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते तोंडातून निघून गेलं.

"अहो, त्या कानसेनबाईने पहिल्यांदा काय विचारलं होतं माहीत आहे? पंखा आहे का असं नाही विचारलं. शेजारी कुणी तंतुवाद्य वाजवतं का, असं विचारलं."

त्यांनी मान वर केली. "काय विचारलं?"

"तंतुवाद्य. मोठं. खर्जातलं."

"खर्जातलं? हा शब्द तिचा की तुझा?"

"तिचा. माझ्या तोंडी कुठून येणार? मी गाड्या पुकारणारी."

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. आवाज पुकारतानाचा लावला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. 'एकच सूर धरून ठेवलाय. छान आहे हो, अगदी भरलेला आहे, पण पुस्तकात नको ना.'

"भरलेला म्हणाली?"

"भरलेला म्हणाली."

"आणि ती मुलगी दिवसभर आवाजच ऐकते?"

"पाल चुकचुकली तरी ओळखते."

हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं. उघड्या खोक्याच्या कडेला धरून हसत होते. "कान गेल्यावर केलेलं आहे हे," ते म्हणाले, "नुसत्या हाताने केलेलं. आणि तळहाताएवढ्या पंख्याने वाजतंय!" मग एकदम थांबून म्हणाले, "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अशा गाड्या पुकारल्या असत्यास तर सगळे प्रवासी फलाटावरच म्हातारे झाले असते."

ऐकून घेतलं मी. त्यांचं मन जपायला म्हणून जे लपवलं, नेमकं तेच त्यांना ऐकायला हवं होतं. मला स्वतःचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा टाकला, त्यात साखर दोनदा घातली, आणि तो त्यांनी "अगं, हा काय पाक केलायस?" असं ओरडून प्यायला.

लगेच आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो. ज्या भुशाच्या फळ्यांना हे आयुष्यभर "डिंकाचा लगदा" म्हणून नाक मुरडत आले, त्यांच्यासमोर ते उभे राहिले. वखारवाला उडालाच. "उस्ताद, तुम्हाला ही फळी?"

"मला मुकं लाकूड हवंय," हे म्हणाले. "तुझ्याकडचं सगळ्यात मठ्ठ दाखव."

त्यांनी फळ्यांवर टिचक्या मारून बघितल्या. जिच्यातून ठप्प एवढाच आवाज आला आणि जागीच विरला ती पसंत केली. वखारवाल्याने आजवर फळी नापसंत करणारे उस्ताद पाहिले होते, या वेळी उस्ताद वाईट फळी निवडून निवडून घेत होते.

नवीन खोकं करताना त्यांना फार त्रास झाला. पातळ करायला हात शिवशिवायचा, आणि मी दारातून म्हणायची, "अहो, रंधा खाली ठेवा." जाड फळ्या, आतून जाड लोकरी नमद्याचं अस्तर, काडीबिडी काही नाही. पुढे खाली हवा आत यायला रुंद तोंड, मागे वर मोठा पंखा, तो रबरी पट्ट्यांवर टांगलेला, लाकडाला कुठेच न टेकणारा. स्क्रीनला वेगळं स्टूल. दिसायला ते इतकं कुरूप झालं की लेकीने फोटो पाहून विचारलं, "आई, हे काय, चपलांचं कपाट?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने जन्मात पहिल्यांदाच केलेलं खोकं आहे. नावं ठेवू नकोस."

चालू केलं. मी हेडफोन लावले. काहीच नाही. माझा श्वास आला, कपाटातल्या एका हँगरची कुरकुर आली, बाकी काही नाही. हे समोर उभे राहून माझं तोंड बघत होते.

"गप्प आहे?"

"गप्प."

"अगदी?"

"अळीमिळी गुपचिळी," मी म्हटलं, आणि त्यांनी खोक्याच्या डोक्यावर एक थापट मारली. ठप्प. ते समाधानाने बाहेर गेले.

रखवालदार जिना चढून वर गेला. कानसेनबाईचा फोन आला. "काकू, खोली बदललीत का? कसलं स्वच्छ आलंय! पुस्तक तुमचं." मी तिला पंख्याची सगळी हकिगत सांगितली, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच मोठ्याने हसले.

जुन्या खोक्याच्या फळ्या ह्यांनी सोडवल्या. बाजूच्या दोन फळ्या अखंड होत्या, कडांना तेवढी स्क्रूची भोकं. बाल्कनीतली चादर धुऊन घडी करून मी कपाटात टाकली, अगदी खालच्या कप्प्यात, पटकन सापडू नये अशी. आता तिथे एका लाकडी साच्यावर त्यांतूनच गिटारीचं पोट आकार घेतंय. खालचे सूर ह्यांना दातांतली काडी सांगते. वरच्यांचं काय करणार म्हणून मी विचारलं होतं.

"वरचे तू ऐक," ते म्हणाले. "इतकी वर्षं बसच्या भोंग्यांतही तुझे कान टिकले, ते आता कुठे जातायत?"

तेव्हापासून मला दिवसातून किती तरी वेळा बाल्कनीत हाक येते. ते फळीवर टिचकी मारतात, मी ऐकते आणि सांगते, "इथे बारीक वाजतंय," "इथे मोकळं आहे." कधी मला ठाम सांगता येत नाही, मग आम्ही भांडतो. भांडण असं रंगतं की वरच्या मजल्यावरच्या बाई मशीन बंद करून ऐकत असाव्यात.

आणि काल पुन्हा कानसेनबाईचा फोन आला.

"काकू, नवीन प्रकरणात मागे काहीतरी आहे. खरवडल्यासारखं. खर्र, खर्र, मग जरा थांबतं, मग पुन्हा. पंखा परत बिघडला का?"

"पंखा नाही," मी म्हटलं. "ते आमचे हे आहेत."

"अच्छा! मग त्यांना तेवढ्या वेळापुरतं थांबायला सांगता येईल?"

मी रजई बाजूला करून बाहेर पाहिलं. हे बाल्कनीत फळीवर वाकले होते, दातांत काडी, केसांत भुसा, बाजूला गार झालेला चहा. खिडकीजवळच्या खुर्चीवर डिंकाचा डबा ठेवला होता. बसायला तिच्यावर जागाच उरली नव्हती.

"नाही सांगता येणार," मी म्हटलं. "ते उठले की मी वाचायला बसेन. पुस्तकाला थोडा उशीर होईल."

उशीर होणार असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, पण इतक्या आनंदाने कधीच सांगितलं नव्हतं.